हलकं ट्रोलिंग: पहिला सेट लावताना

मासे पकडायला बोट हळू चालवत मागे ल्युअर (नकली आमिष) ओढायचा, एवढंच ट्रोलिंग, पण समुद्रात पहिल्यांदा करायचं असेल तर माझं ऐका आणि एकदम जड सामान घेऊ नका, 20 पौंड ताण सोसणारी लाईन, साधारण साडेसहा फुटाचा रॉड आणि लीव्हर ड्रॅगवालं (लाईन सुटताना अडवणारा ब्रेक दांड्याने कमी-जास्त करता येतो असं) छोटं रीळ एवढ्यावर सुरमई, छोटा कुपा आरामात येतो. लाईन मोनोच (एकेरी नायलॉन धाग्याची) घ्या, ती ताणते, त्यामुळे मासा धडकला की झटका ती स्वतः खाते, ब्रेड (विणलेली लाईन) जवळपास ताणतच नाही आणि नवख्या हातात गळ तोंडातून फाटून निघतो.

आता ड्रॅग, ह्यावर खरंच वेळ घालवा. लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 20 पौंडाला साधारण 2 ते 3 किलो. अंदाजाने नाही हां, स्प्रिंगचा काटा लाईनच्या टोकाला अडकवा, रॉड वाकवून ओढा, आणि रीळ कर्रर्र करत लाईन सोडायला लागलं की काट्यावर किती दिसतं ते बघा. माझा पहिला चांगला मासा ड्रॅग जास्त आवळल्यामुळेच तुटून गेला, अजून हळहळ वाटते.

लाईन आणि लीडरच्या (ल्युअरजवळचा शेवटचा मजबूत तुकडा) मधे बॉल बेअरिंग स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) हवाच, नाहीतर ल्युअर फिरून फिरून लाईनला पीळ पडतो. सुरमईचे दात कात्रीसारखे, तिथे वीतभर वायर लावा. वेग 5-6 नॉटपासून सुरू करा आणि ल्युअर नीट पोहतोय का ते बोटीच्या कडेलाच बघून मग मागे सोडा.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा, ड्रॅग सैल करून ठेवा.