तुम्ही विचारलंत म्हणून: जुना स्कोप आणलाय, चालू करून बघू का?

हा प्रश्न मला जितका विचारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. कुणी कॉलेजच्या निर्लेखित सामानाच्या लिलावातून ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ‘स्कोप’, उचललेला असतो, पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेल्या डेडस्टॉक नंबरासकट. कुणाला पुण्याच्या जुन्या बाजारात फंक्शन जनरेटर (चाचणीसाठी लहरी तयार करणारं यंत्र) मिळालेला असतो, तर कुणाच्या वडिलांच्या कपाटातून ॲव्होमीटर, म्हणजे काट्याचा जुना मल्टिमीटर, निघालेला असतो. घरी आणून, फडक्याने पुसून झालं की फोन येतो: “प्लग लावून बघू का? चालतोय की नाही ते तरी कळेल.”

नका लावू. आज तरी नाहीच. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं यंत्र एका झटक्यात २३० व्होल्टवर लावलं तर ते चालतंय की नाही हे कळण्याआधीच त्यातलं काहीतरी जळू शकतं. आणि जे जळतं ते बहुतेक वेळा त्या क्षणापर्यंत शाबूत असतं.

मेन्स, म्हणजे भिंतीतल्या प्लगची वीज, आत येते तिथून बघायला सुरुवात करा. १९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच यंत्रांत तिथे एक पिवळसर, अर्धपारदर्शक, चौकोनी कॅपॅसिटर असतो. जाणकार त्याला कंपनीच्या नावावरून नुसतं ‘रिफा’ म्हणतात. आत धातूचा मुलामा दिलेला कागद आणि वरून इपॉक्सीचं कवच. वर्षं सरतात तशा कवचाला बारीक भेगा पडतात, त्यातून दमट हवा कागदापर्यंत जाते. आपल्याकडचे पावसाळे काढलेल्या यंत्राला तर दमट हवेची कमतरताच नाही. हा कॅपॅसिटर मेन्सच्या दोन तारांमध्ये सरळ जोडलेला असतो. वीज मिळाली की तो तापतो, फुटतो, आणि खोलीभर असा धूर करतो की त्या जळक्या वासाने घरातल्यांचा या छंदावरचा विश्वास उडावा. भिंगातून त्याच्या कवचावर जाळीसारख्या रेषा दिसल्या तर तपासत बसू नका. काढून टाका आणि एक्स-२ वर्गाचा, म्हणजे मेन्सच्या तारांमध्ये जोडायलाच बनवलेला, नवा प्लॅस्टिक फिल्मचा कॅपॅसिटर बसवा.

मग कॉर्ड. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण माणूस मरतो तो इथे. अमेरिकेहून आलेल्या यंत्राच्या कॉर्डमध्ये बहुधा काळी तार फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. आपल्या सवयीने कुणी काळी तार न्यूट्रलला जोडून थ्री-पिन टॉप बसवलेला असेल तर यंत्राचा फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलमध्ये गेले. स्विच बंद केला, फ्यूज उडाला, तरी आतलं सगळं फेजवरच राहतं. म्हणून कॉर्डच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. यंत्र प्लगला न लावता मल्टिमीटरने प्रत्येक तार कुठे जाते ते बघा. अर्थची तार चासीपर्यंत, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, पोचते का, हे तर आधी बघा. कित्येक जुन्या स्कोपची अर्थ पिन मुद्दाम तोडलेली मिळते, कारण कुणालातरी मेन्सवरचं सर्किट मोजायचं होतं आणि प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या तारेची, क्लिप चासीलाच जोडलेली असल्याने ती लावली की फ्यूज उडत होता. अशा स्कोपची क्लिप फेजला लागली की त्याचं अख्खं धातूचं शरीर, प्रोब जोडायच्या बीएनसी सॉकेटच्या कडीपासून खोक्याच्या स्क्रूपर्यंत, फेजवर येतं. अर्थ आधी पूर्ववत करा, बाकीचं सगळं नंतर.

मागच्या बाजूला ११५ की २३० असा निवडस्विच असेल तर तो कशावर ठेवलेला आहे ते पाहा. २३०वर घेताना फ्यूजही निम्म्या अँपिअरचा लागतो, हे लोक विसरतात.

एवढं झाल्यावर वीज, आणि तीही सिरीज बोर्डमधून. इलेक्ट्रिशियन वापरतात तोच, फेजमध्ये एक ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब घातलेला. एलईडी इथे चालत नाही, पुण्याच्या तपकीर गल्लीत मागून जुन्या पद्धतीचाच बल्ब घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आतले फिल्टर कॅपॅसिटर भरले, एवढंच. भगभगून पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. यंत्राने जास्त करंट ओढला की बल्ब तापतो, रोध वाढतो आणि करंटला आपोआप लगाम बसतो. याच गुणाचा फार देखणा उपयोग बिल हेवलेट यांनी १९३९ सालच्या आपल्या ऑसिलेटरमध्ये केला होता. फीडबॅकमध्ये एक छोटासा बल्ब. आउटपुट वाढलं की बल्ब तापून ते खाली आणणार, कमी झालं की थंड होऊन वर नेणार. त्यावरून बनलेलं २००ए हे हेवलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन, आणि ती कंपनी (एचपी) सुरू झाली अमेरिकेतल्या पालो आल्टोतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये. बल्बच्या त्या युक्तीचं मला अजूनही नवल वाटतं.

डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवत नेता येतं आणि जुन्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांना सावरायला वेळ मिळतो. पण हे ट्रान्सफॉर्मरच्या साध्या पुरवठ्याच्या यंत्रांसाठी. स्विचिंग सप्लायच्या यंत्राला कमी व्होल्टेज दिलं तर तो तेवढीच शक्ती मिळवायला जास्त करंट ओढतो आणि त्यातच त्याचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आत कोणता पुरवठा आहे ते मॅन्युअल बघून ठरवा.

मॅन्युअलशिवाय तर झाकणाचा स्क्रूही फिरवू नये असं माझं मत आहे. त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलसारखी पुस्तकं आता निघत नाहीत. पूर्ण सर्किट, प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज, तिथे दिसायला हवा तो वेव्हफॉर्म, आणि त्याआधी ‘हे सर्किट कसं चालतं’ यावर पानंच्या पानं. टेक्ट्रॉनिक्स आणि एचपीची मॅन्युअलं वाचून मी जेवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकलो तेवढं वर्गात बसून शिकलो नाही. बहुतेकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आज फुकट मिळतात.

आता एक खरं उदाहरण. माझ्या टेबलावर सध्या टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ आहे. हा १९७२ साली आलेला १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा स्कोप. दहा किलोच्या आसपास वजन, हँडलला धरून जागेवर न्यायचा. हा भोसरीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आला. त्यात आतल्या सर्किटला वीज देणारे पाच मुख्य पुरवठे असतात: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. वीज देण्याआधी प्रत्येकाचा चासीशी रोध मोजला. चार ठीक होते, १५ व्होल्टची लाइन मात्र जेमतेम एक ओहम दाखवत होती.

आता त्या लाइनवर स्कोपभर पसरलेले किती तरी भाग असतात. एकेक काढून बघायचा म्हटलं तर बोर्डाचं वाटोळं होईल. त्याऐवजी बेंच सप्लायवरून (टेबलावरच्या, व्होल्टेज ठरवता येणाऱ्या पुरवठ्यावरून) त्या लाइनला अर्धा व्होल्ट दिला, तोही करंटची मर्यादा घालून. अर्ध्या व्होल्टाला सिलिकॉनची जंक्शनं जवळजवळ चालू होत नाहीत, त्यामुळे करंट जातो तो फक्त शॉर्टमधूनच. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून तांब्याच्या पट्टीवरून पुढे सरकत राहायचं. शॉर्टच्या दिशेने जाताना आकडा उतरत जातो. ज्या फांदीवर उतरायचा थांबतो, त्या फांदीत करंट नाही, मागे फिरा. असं करत मी पोचलो ते मसुराच्या दाण्याएवढ्या एका टँटलम कॅपॅसिटरपाशी. बाहेरून नवाकोरा, ना डाग, ना फुगवटा. एक पाय सोडवला आणि लाइन मोकळी झाली. या वयाच्या टँटलमचं असं होतंच, आणि जातो तेव्हा तो बहुधा शॉर्टच होतो. जागी जास्त व्होल्टेजचा नवा घातला.

इथे बरेच जण म्हणतात, “मग सगळेच कॅपॅसिटर बदलून टाकू ना!” मी त्याच्या ठाम विरोधात आहे. जुन्या बोर्डाचं तांबं गरम टोकाने लवकर उखडतं. शंभर सोल्डरचे डाग सोडवले तर दोन-चार ठिकाणी नवा बिघाड पेरला जातो, आणि तो कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतो. शिवाय त्या काळचे चांगले कॅपॅसिटर मोजल्यावर अजूनही उत्तम निघतात. आधी मोजा. व्होल्टेज बरोबर आहे का, त्यावर रिपल (उरलेला चढउतार) किती, ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रोध) किती. जे नापास होईल तेच बदला. मेन्सवरचे ते कागदी कॅपॅसिटर एवढाच याला अपवाद.

४६५मध्ये ५५ व्होल्टचा पुरवठा बाकीच्यांचा आधार आहे. तो चुकला तर बाकीचे सगळे त्याच्याबरोबर चुकतात. म्हणून पडद्यावर काय दिसतंय याकडे लक्ष न देता आधी तो, मग इतर. ट्रेस (पडद्यावरची रेघ) नाही, फोकस नाही, ट्रिगर होत नाही (लहर स्थिर राहत नाही), या निम्म्या तक्रारी पुरवठे जागेवर आले की आपोआप मिटतात. त्यानंतरही फोकस नीट लागत नसेल तर उच्च व्होल्टेजच्या साखळीतले मेगाओहमचे रेझिस्टर बघा, वयाबरोबर त्यांचा रोध चढतो. तिथे हजारो व्होल्ट असतात. वीज काढल्यावरही थांबा, रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मग मीटरने खात्री करा, आणि घरात दुसरं कुणी नसताना त्या भागाला हात लावू नका.

नॉब फिरवताना ट्रेस उड्या मारत असेल तर तो बहुधा स्विचचा मळ असतो. बाजारात मिळणारा कुठलाही फवारा मारून मोकळं होऊ नका. ४६५च्या फिरत्या स्विचमध्ये दंडावरचे उंचवटे पातळ सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या खाली दाबतात. व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी कापायची, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवायची, पट्टीखाली सरकवून स्विच मिटवायचा आणि कागद हळूच ओढून घ्यायचा. कागदावर काळी रेघ येते. ती यायची थांबेपर्यंत हेच. पॉलिश पेपर लावला तर सोनं गेलं, आणि ते परत येत नाही.

तर एवढं झालं, हिरवी रेघ आली, चौकोनी लहर दिसली. बहुतेक जण इथे थांबतात, फोटो काढतात आणि ‘चालू झाला’ म्हणून कळवतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. रेडिओ वाजला की दुरुस्त झाला. मोजणारं यंत्र चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही, ते खरं सांगायला लागलं की झालं. पाच व्होल्टला साडेचार दाखवणारा स्कोप बंद स्कोपपेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही दुसऱ्या चांगल्या यंत्राला हात घालाल.

तपासायचं कशाशी, हे घरात अवघड वाटतं पण नाही. ४६५ची उभ्या मापाची अचूकता ३ टक्के. ज्याच्याशी पडताळायचं ते किमान चौपट अचूक हवं, म्हणजे पाऊण टक्का. आजचा साधा चांगला डिजिटल मल्टिमीटर डीसीला त्याहून अचूक असतो. वेळेसाठी क्रिस्टल ऑसिलेटर घ्या, त्याची चूक टक्क्याच्याही अगदी बारीक अंशात असते. मेन्सचे ५० हर्ट्झ मात्र आधार म्हणून धरू नका, ते दिवसभर थोडे खालीवर होत राहतात. यंत्र किमान अर्धा तास तापू द्या, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेक ॲडजस्टमेंट करा. क्रम मोडायचा नाही, कारण पुढची प्रत्येक पायरी मागचीवर उभी असते.

ॲव्होमीटरवाल्यांसाठी थोडं वेगळं. ॲव्हो ८ किंवा आपल्या नाशिकच्या मोटवाने कंपनीचा ॲनालॉग मल्टिमीटर मिळाला असेल तर आधी मागचं झाकण उघडा. आत सेल राहून गेले असतील तर गळून त्यांनी पत्र्या खाल्लेल्या असतात. काटा मोकळा फिरतो का ते खोकं आडवं-उभं करून पाहा. डायलवरच्या आरशात काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचा. २० हजार ओहम प्रति व्होल्टचं ते मीटर आजही कामाचं आहे, आणि हळूहळू बदलणारं व्होल्टेज काट्यावर जसं कळतं तसं आकड्यांत कळत नाही.

याला जोडून दुसरा प्रश्न येतोच: एवढं करण्यापेक्षा नवा का घेऊ नये? तुम्हाला उद्या सकाळी कामाला स्कोप हवा असेल तर नवाच घ्या, अगदी बिनदिक्कत. नवा डिजिटल स्कोप लहर साठवून ठेवतो, हलका असतो, थोड्या पैशांत मिळतो. जुना घ्यायचा तो आतलं समजून घ्यायला. ४६५मध्ये सिग्नल बीएनसीतून आत शिरला की ॲटेन्युएटर, ॲम्प्लिफायर, डिले लाइन, थेट ट्यूबच्या प्लेटपर्यंत त्याचा मागोवा घेता येतो, प्रत्येक टप्प्यावर प्रोब टेकवून. हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, आणि तरुण मुलांना ते मिळावं असं मनापासून वाटतं. म्हणूनच मी प्रत्येक फोन घेतो. विकत घेण्याआधी विचारलंत तर एकच सांगेन, पिक्चर ट्यूब बघा. काच फुटलेली किंवा पडद्यावर जळाल्याचा डाग असेल तर सोडून द्या. या ट्यूब आता कुणी बनवत नाही. बाकी जवळजवळ सगळ्याला उपाय आहे, खास कंपनीने स्वतःपुरत्या बनवलेल्या चिप सोडल्या तर.

आणि काम संपल्यावर झाकण लावण्याआधी एक कागद आतून चिकटवा. तारीख, कुठला भाग बदलला, काढलेल्याचं मूल्य आणि घातलेल्याचं मूल्य, पाचही पुरवठ्यांची मोजलेली व्होल्टेजं, कॉर्डच्या तारांचे रंग. फ्यूज किती अँपिअरचा बसवला तेही लिहा. तीस वर्षांनी हे झाकण दुसरं कुणीतरी उघडणार आहे.