आमची वाटचाल : फोंड्यातील एका लहान लॅबची

1988 साली फोंड्याच्या वरच्या बाजारात एका गाळ्यात आम्ही लॅब उघडली, त्या वेळी आमची सगळी दौलत म्हणजे एक कलरीमीटर, एक लहान सेंट्रिफ्यूज आणि एक वॉटर बाथ. वॉटर बाथविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या मुलांना ती नुसती गरम पाण्याची पेटी वाटते. कोलेस्टेरॉल मोजताना आपण रक्तात तो पदार्थ किती आहे ते पाहतो. एसजीपीटी हे यकृतातले विकर (एन्झाइम) मोजताना मात्र त्याचे वजन कोणी करत नाही, त्याच्या कामाचा वेग मोजतो. विकर स्वतः खर्च न होता एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करत राहते, आणि तपमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे नळ्या ज्या पाण्यात उभ्या असतात ते 37 ऐवजी 34 अंशांवर राहिले, तर यकृताच्या रोग्याचा आकडा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने विनाकारण खाली येतो. पाणी भलतेच तापले तर विकर ज्याचे बनते त्या प्रथिनाची घडी मोडते, आणि उकडलेले अंडे जसे पुन्हा कच्चे होत नाही, तशी ती घडी मग थंड करूनही बसत नाही. म्हणून बाथच्या थर्मोस्टॅटवर मी कधीच विसंबलो नाही. पाऱ्याचा वेगळा थर्मामीटर त्या पाण्यात कायम उभा असे.

1996 साली कर्ज काढून सेमी-ऑटो अनालायझर घेतला आणि दोन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, त्याच यंत्राने आम्हाला बुडवायची वेळ आणली. हळदीसारखा पिवळा झालेला एक तरुण आला होता. काविळीत वाढणारे बिलिरुबिन भरपूर वाढलेले, पण एसजीपीटी अवघे 28. आमच्या टेक्निशियनने छापून आलेला आकडा तसाच रिपोर्टवर उतरवला आणि मी सही केली. दोन दिवसांनी रोग्याला मोठ्या रुग्णालयात हलवले, तिथे हाच आकडा दोन हजारांच्या वर निघाला.

घडले होते ते असे. एसजीपीटी हे विकर ॲलानिनचा अमिनो गट काढून अल्फा-कीटोग्लुटारेटला देते आणि मागे पायरुव्हेट उरते. उपाशीपोटी यकृत या पायरुव्हेटपासून साखर घडवते, म्हणून हे विकर तिथल्या पेशींत मुबलक असते आणि पेशी फुटल्या की रक्तात उतरते. किटमध्ये एलडीएच हे दुसरे विकर घातलेले असते. ते पायरुव्हेटचे लॅक्टेट करते आणि त्यात एनएडीएच नावाचा पदार्थ खर्च होतो. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, खर्च झाल्यावर उरणारा एनएडी शोषत नाही. तेव्हा शोषण जितक्या वेगाने उतरेल तितके एसजीपीटी जास्त. मेख अशी की यंत्र पहिले मिनिटभर थांबून मग मोजायला लागते, आणि त्या तरुणाच्या सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पाण्यात, विकर इतके होते की त्या मिनिटातच सगळा एनएडीएच संपला. उतरायला काही उरलेच नव्हते, म्हणून यंत्राने रोग्याला निरोगी ठरवले. सुरुवातीचे शोषणच इतके कमी कसे, हे पाहून सीरम दहापट पातळ करून पुन्हा लावायला हवे होते.

चूक आमची होती आणि मी ती त्या घरी जाऊन कबूल केली. पण शेजारच्या रस्त्यावर नव्यानेच उघडलेल्या एका लॅबच्या मालकाने त्या रिपोर्टची झेरॉक्स दवाखान्यादवाखान्यांतून फिरवली, ते मी अजून विसरलेलो नाही. चतुर्थीपर्यंत आमचे नमुने निम्म्याहून कमी झाले आणि बँकेचे दोन हप्ते थकले. त्या लॅबकडे वाळपईहून स्कूटरवर हिंदकळत आलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाटेतच फुटत, पेशींतले एलडीएच सीरममध्ये मिसळे, तो वाढलेला आकडा हृदयविकाराचा वाटे आणि धडधाकट माणसाला हृदयाच्या तपासण्या कराव्या लागत. त्या रिपोर्टांची झेरॉक्स कोणी काढली नाही. लाल झालेले सीरम एलडीएचसाठी लावू नये, रिएजंट फ्रिजच्या दारात ठेवू नये, आणि वीज तासन्‌तास गेली तर दुसऱ्या दिवशी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावल्याशिवाय एकही रिपोर्ट देऊ नये, हे मी न विचारता सांगतो, कारण विचारायला कोणी येत नाही.

त्या दिवसांत एकाच डॉक्टरांनी आमच्याकडे चिठ्ठ्या पाठवणे थांबवले नाही. बांधकामावरच्या मजुरांत तेव्हा मलेरिया फार, आणि प्रायमाक्विन हे त्यावरचे औषध देण्याआधी रक्तातले जी-सिक्स-पीडी हे विकर पाहिल्याशिवाय ते राहत नसत. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया नसतात. एनएडीपीएच हा स्वतःला जपण्याचा पदार्थ मिळवायला तिला पेंटोज फॉस्फेट या रासायनिक मार्गाची एकच वाट असते आणि त्या वाटेवरचे पहिले विकर हेच. ते कमी पडले की पेशीला तिचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन शाबूत राखता येत नाही, औषधाचा मारा सोसत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळसर होते. चाचणी साधी आहे : निळा रंग घातलेली रक्ताची नळी 37 अंशांवर ठेवायची आणि रंग विरायला किती वेळ लागतो ते पाहायचे; विकर कमी असले की रंग उशिरा विरतो. एका गवंड्याच्या नळीतला रंग सकाळी लावलेला संध्याकाळी पाचपर्यंत हलला नाही. मी फोन केला; डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि पुढच्या आठवड्यात एकदम अकरा रोगी पाठवले.

2001 साली कर्ज फिटले. त्यानंतरची वर्षे ठीक गेली.

गेल्या वर्षी त्या झेरॉक्सवाल्या लॅबचा माणूस जी-सिक्स-पीडीची नळी घेऊन आमच्या काउंटरवर आला. नमुने फार येत नाहीत म्हणून ते ही चाचणी ठेवत नाहीत. मी पैसे रोख घेतले, पावती दिली आणि पाण्यातला पारा पाहून नळी जुन्या बाथमध्ये ठेवली.