नाव बदललंय म्हणे!

ऑफिसमधल्या मीटिंग रूम्सना एचआरने नद्यांची नावं दिली, दारांवर मस्त निळ्या पाट्या लागल्या, सगळ्यांना मेल पण गेला. तरी अजून कोणी 'नाईलमध्ये ये' म्हणत नाही, 'अरे ती एसी गळणारी रूम' असंच चालू आहे. एसी केव्हाच दुरुस्त झालाय हं! आणि ज्यांनी तो गळताना बघितलाच नाही ती नवीन जॉइन झालेली पोरंही तेच म्हणतात.

सेंट पीटर्सबर्गचंच घ्या ना. 1914 मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झालं, नाव फारच जर्मन वाटतंय म्हणून पेट्रोग्राड केलं, मग 1924 मध्ये लेनिन गेल्यावर लेनिनग्राड, आणि 1991 मध्ये मतदान घेऊन परत सेंट पीटर्सबर्ग, म्हणजे एखाद्या आजीबाईंनी घर न सोडता तीन-तीन शहरांत आयुष्य काढलं असणार. पण तिथले लोक आपापसात म्हणायचे 'पीतर', पाटीवर काहीही असो. हे नाव कुठल्या सरकारने ठेवलंच नव्हतं, मग बदलणार कोण? आजूबाजूचा प्रांत मात्र अजूनही लेनिनग्राडच आहे. आणि तिकडे जाणाऱ्या बॅगेच्या टॅगवर येतं 'एलईडी'. बल्ब नाही हो, लेनिनग्राड!

कझाकस्तानने तर राजधानी आस्तानाचं 2019 मध्ये नूर-सुलतान केलं, नुकतेच पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने, आणि 2022 मध्ये परत आस्ताना. पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ, दुसरं काय.

किवीचं मात्र बेमालूम जमलं. ते फळ आधी चायनीज गूजबेरी होतं, 1959 मध्ये न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी अमेरिकेत खपावं म्हणून किवीफ्रूट केलं आणि सगळ्यांनी गुपचूप ऐकलं, कारण घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना जुनं नाव माहितीच नव्हतं, त्यात कोणाचं बालपण अडकलेलं नव्हतं की भांडण नव्हतं. मला वाटतं नवं नाव अशाच ठिकाणी पटकन चिकटतं.

बाकी आपण स्वतः जी नावं ठेवतो त्यांचं काय बोलायचं. माझ्या फोनमध्ये एक नंबर 'प्लंबर नवीन' म्हणून सेव्ह आहे. जुना कधीच डिलीट झाला, हा नवीन आता आजोबा झालाय, तरी कॉल आला की स्क्रीनवर नवीनच. आता त्याचा मुलगा यायला लागलाय, त्याला मी तूर्तास 'प्लंबर नवीन 2' केलंय.