तुम्ही विचारलंत म्हणून: प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) मारायलाच हवा का?

नव्याने मॉडेल किट जोडायला लागलेले हमखास विचारतात, "प्लॅस्टिक आधीच करडं असतं, मग त्यावर पुन्हा करडा प्रायमर कशाला? थेट रंग मारला तर चालणार नाही का?"

काही वेळा चालतं. लॅकर रंग (तीव्र द्रावकातले) पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकचा, पृष्ठभाग किंचित विरघळवून घट्ट बसतात. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग मात्र नुसते वर बसतात आणि मास्किंग टेप काढताना तिच्याबरोबर सोलून येतात. तिथे प्रायमर हवाच. पण मी तो दरवेळी मारते, आणि त्याचं मुख्य कारण वेगळं आहे: मला भाग नीट दिसायला हवा असतो.

उघडं प्लॅस्टिक दोष लपवतं. त्यात थोडा उजेड आरपार शिरतो, फटी बुजवायच्या पुटीचा रंग वेगळा असतो, गोंदाचा डाग चकाकतो, आणि या गडबडीत नजर फसते. विमानाच्या धडाचे दोन अर्धे जोडून पाठीवरचा सांधा घासला की नखही अडकत नाही, म्हणून वाटतं, झालं काम. मग त्यावर करड्या, मॅट प्रायमरचा पातळ हात फिरतो आणि कॉकपिटच्या मागे केसाएवढी रेघ उमटते. शेजारी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे ओरखडे, पंखाखाली साच्यातल्या पिनचा गोल खळगा. हे सगळं रंगाच्या आधी कळलं, याचा मला दरवेळी आनंदच होतो. रेघेत पुटी भरायची, ती पूर्ण वाळू द्यायची, ६०० आणि मग १००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासायचं, घासताना बुजलेली पॅनल लाइन (पत्र्यांचा जोड दाखवणारी कोरीव रेघ) पुन्हा कोरायची आणि तेवढ्याच जागी परत प्रायमर.

सांध्याची घाई मात्र अजिबात करू नका. मॉडेलचं पातळ सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून सांधतं. ते मऊ असतानाच घासलं, तर आतला द्रावक उडून गेल्यावर जागा आकसते आणि सपाट केलेल्या सांध्यावर पन्हळ पडते. मी किमान एक दिवस थांबते.

धुणं लोक टाळतात, तेही टाळू नका. काही किटवर साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश राहतो, त्यात आपल्या बोटांचं तेल. भाग स्प्रूवर, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावेत, म्हणजे बारीक भाग हरवत नाहीत. पाणी कडकडीत नको, पातळ भाग वाकतात. घासकाम संपल्यावर पुन्हा एकदा धुवायचं, कारण पॅनल लाइनमध्ये भुकटी अडकलेली असते.

स्प्रे कॅन असेल तर भरपूर हलवा. साधारण २० सेंटीमीटरवरून, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. फार जवळून मारला तर ओघळतो. फार लांबून मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, त्या दिवशी दुसरं काम काढा. खिडकी उघडी हवी आणि तोंडावर रसायनांची वाफ अडवणारा मास्क हवा. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

रंग कुठला? करडा बहुतेक ठिकाणी चालतो. लाल-पिवळ्याखाली पांढरा, चकचकीत धातूच्या रंगाखाली काळा आणि तोही ग्लॉस. पारदर्शक काचांवर आणि नंतर सिमेंट लागणार आहे त्या कडांवर टेप लावा, कारण प्रायमरवर ते सिमेंट नीट धरत नाही.

आणि थर किती, हेही विचारता. आकडा सांगण्यापेक्षा भागावरचे बारीक रिव्हेट (खिळ्यांच्या डोक्यांसारखे ठिपके) बघा. सगळीकडे सारखा करडा रंग दिसतोय आणि रिव्हेट अजून ठसठशीत आहेत, तिथे थांबायचं. ते गुळगुळीत दिसायला लागले असतील तर थर जास्त झालाय.