कॉम्प्रेसर जळाला, पण कशामुळे?

निपाणीचे एक तंबाखू व्यापारी आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांची जुनी जर्मन एसयूव्ही टो होऊन बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या गॅरेजात आली, तेव्हा मागची डावी बाजू पार टेकली होती. तिला एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेनं फुगणारे रबरी बेलो, आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर. दुसऱ्या गॅरेजात नवा कॉम्प्रेसर घातला होता, तोही जळालेला. काका वैतागले होते. "हे हवेचं काढून टाक बाबा, साधी स्प्रिंग घाल. खरं एकदाच काय ते कर."

स्प्रिंगचं किट मिळतं आणि ते वाईट नसतं. पण माल भरला की गाडी मागं बसते, आणि मीटरवरची वॉर्निंग घालवायचं वेगळंच काम होऊन बसतं. म्हटलं, "काका, आजची रात्र गाडी राहू दे. कॉम्प्रेसर का जळाला हे कळल्याशिवाय मी काही बदलणार नाही."

बेंगळुरूला जाणाऱ्या व्होल्वो बसलाही एअर सस्पेन्शनच असतं. तिचा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, थोडी गळती सहज भरून काढतो. कारचा कॉम्प्रेसर मात्र छोटा, विजेवरचा, थोडा वेळ चालून थांबण्यासाठी केलेला. गळकी लाईन भरत बसला की तापून जातो. त्यात रिले, म्हणजे त्याचा विजेचा स्विच, चिकटला तर गाडी बंद असतानाही फिरत राहतो. म्हणून जळका कॉम्प्रेसर दिसला की मी आधी गळती शोधतो.

फ्यूज काढला. काही गाड्या उभ्या असतानाही स्वतःची लेव्हल करतात, मग खरा दोषी कोपरा कळत नाही. मागचे दोन्ही बेलो, त्यांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकपासून सोडवले, गॅरेजच्या लाईनवरून हवा भरली, कॉक बंद केले आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घेतलं. सकाळी उजवी बाजू तशीच, डावी खाली. म्हणजे दोष बेलोकडंच, व्हॉल्व्ह ब्लॉक निर्दोष सुटला!

तरी लिफ्टवर साबणाच्या पाण्याला एक बुडबुडा येईना. चाक लोंबकळलं की बेलो ताणला जातो, घडी उलगडते आणि भेग मिटते. गाडी पिटवर घेतली, वजन चाकांवर ठेवलं. चेसिसखाली स्टँड लावल्याशिवाय मी गॅरेजच्या पोराला खाली उतरू दिलं नाही. बेलो फुटला तर गाडी क्षणात खाली येते, आणि तिथं माणसाचं डोकं असतं. बॅटरी मारून ब्रश फिरवला, तर खालच्या घडीत केसाएवढ्या भेगा आणि त्यातून बारीक पांढरा फेस. पोरगं ओरडलंच, "दादा, सापडलं!"

मागचे दोन्ही बेलो, रिले आणि कॉम्प्रेसर बदलला. रबर एकाच वयाचं, त्यामुळं एकच बदलण्यात अर्थ नव्हता. नवे बेलो आधी भरले, मगच गाडी चाकांवर उतरवली. रिकाम्या बेलोवर वजन आलं तर घडी चिमटून नवा मालही फाटतो.

काका चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आले आणि येताना गाडी दाखवून गेले. माप होतं तेवढंच होतं. पुढच्या स्ट्रटचं, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरसकट येणाऱ्या बेलोचं, रबरही जुनं आहे, ते पावसाळ्याआधी करायचं ठरलंय.