तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगराविना नदी

भूगोल शिकवतो म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं: डोंगरच नसेल तर नदी निघते कुठून? प्रश्न रास्त आहे. आपल्या मनातली नदी त्र्यंबकला, महाबळेश्वरला, नाहीतर भीमाशंकरला उगम पावते. उत्तर म्हणून मी सायबेरियातली ओम नदी सांगतो. आपल्या ओंकाराशी तिचा संबंध नाही.

ओब आणि इर्तिश या दोन महानद्यांच्या मध्ये वास्युगानची दलदल पसरली आहे, सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर. गोव्यासारखी चौदा राज्यं तिच्यात मावतील. जमीन जवळजवळ सपाट, खाली पाणी मुरू न देणारी चिकणमाती आणि थंडीमुळे बाष्पीभवन कमी, म्हणून पावसाचं आणि बर्फाचं पाणी तिथेच साचतं. त्यात शेवाळ वाढतं आणि मरतं, पण पाण्याखाली हवा मिळत नसल्याने पुरतं कुजत नाही. हजारो वर्षं त्याचे थर चढत गेलेत. हे थरच पाणी धरून ठेवतात आणि कडेकडेने सोडतात. ओमचा उगम हा असा.

तिथून ती बाराबाच्या गवताळ सपाटीतून, कुइबिशेव गावावरून, पश्चिमेकडे जाते आणि ओम्स्क शहरात इर्तिशला मिळते. तिच्या मुखाशी १७१६ साली रशियनांनी किल्ला बांधला, त्याचंच हे शहर झालं. लांबी १,०९१ किलोमीटर, तरी सायबेरियात तिला कुणी मोठी म्हणत नाही. एवढ्या वाटेत ती शंभर मीटरसुद्धा खाली उतरत नाही! म्हणून सारखी वळणं घेते. हिवाळाभर गोठलेली असते. वसंतात बर्फ वितळलं की पूर येतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो तिथला जलविभाजक, म्हणजे पाणी कुठल्या नदीकडे जाणार ते ठरवणारी रेषा. आपल्याकडे घाटमाथ्यावर उभं राहिलं की कोकण कुठे आणि देश कुठे ते डोळ्यांनी दिसतं. वास्युगानला माथाच नाही. तरी ओम आणि तारा या नद्या इर्तिशकडे जातात, तर पाराबेल आणि दलदलीच्याच नावाची वास्युगान नदी ओबकडे. दलदलीत शेजारी पडलेलं बर्फसुद्धा असं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतं. पुढे खांती-मान्सिस्कजवळ इर्तिश ओबला मिळते, तेव्हा दोन्ही वाटांचं पाणी पुन्हा एक होतं आणि उत्तरेला कारा समुद्राकडे निघतं.