नोंद ७ : यंत्र साखर ओळखत नव्हतं, वेळ ओळखत होतं

सुई न टोचता, बोटावर उजेड टाकून रक्तातली साखर सांगणारं यंत्र मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की हे बोटाच्या चिमट्यातलं यंत्र आईच्या ग्लुकोमीटरच्या जवळपास आकडे देतंय. ते विधान मागे घेतोय. का, ते सविस्तर सांगतो, कारण या वाटेनं येणारा कुणीही याच खड्ड्यात पडू शकतो.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आईनं उभी हयात मागावर काढली. बोटांची टोकं सुतानं घट्ट झालेली, त्यामुळे सुई लागते पण रक्त लवकर येत नाही. दाबून दाबून काढावं लागतं. ते बघवत नाही म्हणून हे काम सुरू केलं.

जुळणी तीच आहे : बोटातून परतणारा उजेड मोजणारा मॅक्स ३०१०२ सेन्सर (उजेडाची तरंगलांबी ६६० आणि ८८० नॅनोमीटर), ईएसपी ३२ हा छोट्या संगणकासारखा बोर्ड आणि बोटाला टेकवलेला, ऊब मोजणारा थर्मिस्टर. तीन आठवड्यांचे मीटरचे आकडे देऊन मॉडेल, म्हणजे सेन्सरवरून साखरेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम, शिकवलं. साखरेच्या अंदाजातली चूक किती धोक्याची ते दाखवणारा क्लार्कचा १९८७ चा तक्ता आहे, एरर ग्रिड. त्यावर सगळे ठिपके ए आणि बी या बिनधोक विभागांत पडले. मला वाटलं, जमलं.

मग एकादशी आली. आईनं सकाळची गोळी घेतली आणि फराळ मात्र पूजेनंतर करते म्हणाली. दहाच्या सुमाराला चिमटा लावला, आकडा आला १५८. आई म्हणाली, ‘‘काय दाखवालंय रे? मला तर हातपाय गळाल्यागत होतंय.’’ तिचा तळवा घामानं गार पडला होता. लगेच सुई टोचली. मीटरवर ६६. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत टोचलं तेव्हा ९४ आली. तो ठिपका ग्रिडवर डी विभागात बसतो, म्हणजे साखर उतरलीय आणि यंत्र ‘सगळं ठीक’ म्हणतंय. उपासाला गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारायला हवं होतं, ते आता विचारलंय.

त्या रात्री सगळा डेटा परत उघडला. वेळेचा रकाना मी मॉडेलला दिलाच नव्हता, पण वेळ मागच्या दारानं शिरली होती. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी बोटं गार असतात. चहा-भाकरी झाली की ऊब येते, नाडी थोडी वाढते आणि साखरही तेव्हाच चढते. मॉडेलनं ‘ऊब आणि नाडी म्हणजे जास्त साखर’ एवढंच पाठ केलं. पूजेच्या धावपळीत, निरंजनाच्या शेजारी बसून नाडी आणि ऊब दोन्ही वाढली होती, पोट मात्र रिकामं होतं. दुसरी चूक : तपासणीचे आकडे मी यादृच्छिक निवडले होते, त्यामुळे एकाच दिवसाचे आकडे शिकवणीतही आले आणि परीक्षेतही. आता अख्खा दिवस बाजूला ठेवून तपासतोय. तसं केल्यावर मॉडेल नुसती सरासरी सांगण्यापेक्षा काडीनंही सरस ठरत नाही.

खात्रीसाठी काचेच्या नळीत पाणी घेऊन मेडिकलातली ग्लुकोज पावडर विरघळवली आणि भोवती काळा पुठ्ठा लावला. डेसीलिटरला १०० मिलिग्रॅम काय, ५०० काय, आकडा हलला नाही. हलला तो एलईडी तापल्यावर, कारण तापलेल्या एलईडीचा उजेडच कमी होतो. १०० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला अवघा एक ग्रॅम. ८८० नॅनोमीटरला ग्लुकोजची स्वतःची खूण जवळपास नाहीच. ती १६०० च्या आसपास आणि २१०० ते २३०० मध्ये सापडते, तीही पाण्याच्या १४५० आणि १९४० च्या प्रचंड शोषणामध्ये दबलेली.

म्हणूनच ‘न टोचता साखर’ म्हणून विकली जाणारी घड्याळं घेऊ नका असं कळकळीनं सांगतो. अशी घड्याळं किंवा अंगठ्या वापरू नका, आपण एकाही अशा उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं २१ फेब्रुवारी २०२४ ला दिला होता. आमच्या गल्लीत एका काकांनी तसलं घड्याळ आणलंय. उशीला गुंडाळलं तरी ते ११२ दाखवतं. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर?

पुढचं पाऊल १५५० नॅनोमीटर, ग्लुकोजच्या १६०० च्या खुणेजवळचं. उजेड टिपणारा सिलिकॉनचा फोटोडायोड ११०० च्या पुढे आंधळा होतो, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा लागतो आणि तो नवा घ्यायचा तर महाग. पण केबल टीव्हीचे फायबरवरचे रिसीव्हर १५५० वरच चालतात! आमच्या केबलवाल्या अण्णांना विचारलं, त्यांनी विजेनं जळालेला एक नोड, म्हणजे तसल्या रिसीव्हरचा डबा, हातात ठेवला, ‘‘घेऊन जावा, पडूनच हाय.’’ आतला फोटोडायोड शाबूत निघाला, मल्टिमीटरवर डायोडसारखाच वागतोय.

अडचण एकच, त्याच्या तोंडाला फायबरची शेपटी चिकटवलेली आहे. त्या फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, बोटातून विखरून येणारा उजेड त्यात कितीसा शिरणार? शेपटी कापून धातूची टोपी घासायला घेतलीय, बारीक पॉलिश पेपरनं, रोज थोडी थोडी. आतली चिप न दुखवता ही टोपी कुणी उघडली असेल तर कशी उघडलीत ते सांगा. तोवर आईची साखर मीटरवरच बघतोय. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचतो, तिथं कातडी मऊ आहे.